देव गळ्यात, बाकी गाठोड्यात

दर अमावस्येला सकाळी आमच्या साखर पेठेतल्या बसव्वाबाई आपला सगळा संसार एका चादरीत बांधायच्या, गाठोडं काखेत मारायच्या आणि दाराला कुलूप लावून चालू लागायच्या. सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यायच्या, कुलूप काढायच्या आणि गाठोडं सोडून पुन्हा संसार मांडायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शेजारची नरसव्वा सुताच्या रंगाने माखलेले हात तसेच घेऊन रस्त्यावर धावली. "बाई, कुणी काय बोललं काय ओ? रागावून निघालात?"

"कुणी न्हाय बोललं ग. वजन बघतेय," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

बाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या, कानडी घरातल्या. वर्गात असं शुद्ध बोलायच्या की तपासनीस साहेब दचकावेत, आणि घरी आल्या की गावाकडची बोली सुरू. फिरून आल्यावर हात दुखला तर गाठोड्यातली एक वस्तू त्या कुणाला तरी देऊन टाकायच्या. आमच्या घरचं उलथनं त्यांचंच. अमावस्याच का, असं मी एकदा विचारलं. "पगाराचा दिवस मागंफुडं होतोय, अमावस्या चुकत न्हाय," त्या म्हणाल्या. एक फणी जरी जास्त झाली तरी त्यांच्या तोंडून कानडीतला तो शब्द यायचा, "साकु!" म्हणजे पुरे. आणि मग गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ठरलेलं वाक्य: "देव गळ्यात, अक्षर डोक्यात, बाकी गाठोड्यात."

त्यांच्या बदल्या फार व्हायच्या, कारण तोंड फटकळ. एकदा एका साहेबाला भर वर्गात सांगितलं, "साहेब, मुलींना प्रश्न विचारलात, आता उत्तर येईपर्यंत थांबा." झालं! आठवड्यात मोहोळला बदली. साहेबाला वाटलं, बाई रडतील, मुदत मागतील, पाया पडतील. बाई दुसऱ्या दिवशी मोहोळच्या शाळेत हजर झाल्या, तेव्हा बदलीचं पत्र तिथं पोचायचंच होतं! हेडमास्तर गडबडले. साहेबाचं नाक असं कापलं गेलं की वर्षाच्या आत त्याने बाईंना परत सोलापुरात आणलं. आजही हे सांगताना मला माझंच काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं.

आता माझं. मी शेवंता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी परत आले. आई लहानपणीच गेलेली. घरात अप्पा आणि दादा, दोघेही गिरणीत. बाईंनी मला सातवीपर्यंत शिकवलं, अर्ज लिहायला लावला, आणि मी एकोणीस वर्षांची असताना नागपूरहून पत्र आलं. नर्सचं शिक्षण, तीन वर्षं, अमुक तारखेला हजर व्हा. अप्पा आधी नाही म्हणाले, मग दादा सोबत येणार म्हणून हो म्हणाले. मी सामान काढलं. पत्र्याची ट्रंक, वळकटी, दोन डबे, कळशी, पाट, स्टो. पाट कशाला हे मला आजही सांगता येणार नाही.

निघायच्या पाच दिवस आधी दादा तापाने अंथरुणाला खिळला. अप्पांना रजा मिळेना. ते ट्रंकेकडे बघत म्हणाले, "दौंडला गाडी बदलायची, मनमाडला बदलायची. हे समदं एकटी बाई कसं उचलणार? फुडच्या वर्षी बघू की." पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे घरातल्या मांजरालाही कळलं असतं. मी परसात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

बाई आल्या. ट्रंकेभोवती एक फेरी मारली. "हे सामान हाय का संसार?" म्हणाल्या. मग माझ्याशेजारी बसून त्यांनी जे सांगितलं, ते तोवर पेठेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सतरा वर्सांची व्हते. सासरी लई मारायचे. एका दुपारी समदी झोपली आन् मी निघाले माहेराला. जाताना काय घ्यावं? तर जातं! माहेरनं दिलेलं, आईच्या हातचं. समदं उचलंना, म्हणून वरची दगडी तळी तेवढी डोक्यावर घेतली."

"नुसती वरची? तिचं काय करणार होता?"

"तेच की! नुसत्या वरच्या तळीनं काय दळणार, कपाळ? पन त्या वक्ताला सुचलं न्हाय. दर झाडाखाली खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. दीड कोसावर दिरानं गाठलं. रिकामी असते तर तवर ओढा पार करून माहेरच्या शिवंत गेले असते. आनखी दोन वर्सं मार खाल्ला शेवंता, त्या दगडापायी." त्यांनी माझ्याच पदराने माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आपलं आपल्याला उचलाय आलं, की कुणाला सोबत चल म्हणून इचारावं लागत न्हाय. ऊठ."

सगळं पुन्हा काढलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन बाई विचारायच्या, "हे तितं मिळंल का?" मी हो म्हटलं की, "मग ते तितंच ऱ्हाऊ दे." शेवटी दोन लुगडी, दोन चोळ्या, पंचा, तांब्या, फणी, सुईदोरा, दाखले, आणि फडक्यात कडक भाकऱ्या नि शेंगांची चटणी एवढंच उरलं. "कडक भाकरीसारखी सोबत न्हाय. महिनाभर टिकती, आन् वजन पानाएवढं." सगळं एका चादरीत मावलं.

मग त्या अप्पांकडे गेल्या. "अप्पा, उद्या शेवंता हे घेऊन स्टेशनापर्यंत जाईल आन् परत येईल. तुमी मागनं चला. वाटेत एकदा जरी तिनं खाली टेकवलं, तर मीच तिला जाऊ नको म्हणंन." अप्पांनी मान हलवली.

आमच्या पेठेपासून स्टेशन चांगलं दीड-दोन मैल. सकाळी निघालो. मी पुढे, बाई माझ्या बाजूला, अप्पा दहा पावलं मागे. आणि स्टेशनाची कौलं दिसायला लागली तसा माझा खांदा भरून आला. बोटं सुटायला लागली. मला कारण ठाऊक होतं, बाईंना नव्हतं. आईची पितळी समई मी पहाटे हळूच लुगड्यात गुंडाळून आत सरकवली होती. तीन वर्षं परक्या गावात आईचं काहीतरी जवळ असावं, एवढंच मनात होतं.

बाईंनी माझ्या चालण्याकडे बघितलं. "आत काय घातलंयस?"

मी गाठोडं आणखी घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी आलं.

"जातं हाय व्हय ग?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की अप्पांना ऐकू गेलं नाही.

मी मानेनेच हो म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. "गाठ मी सोडणार न्हाय. तुझी तू सोड. पन खाली टेकवायचं न्हाय."

भर रस्त्यात गाठोडं कमरेवर दाबून धरलं, दातांनी गाठ ओढली आणि एका हाताने चाचपडत समई बाहेर काढली. टांगेवाले बघत होते. अप्पा जवळ आले होते. मी समई त्यांच्यापुढे धरली. "अप्पा, ही तुमी धरा. आईला घरीच ऱ्हाऊ द्या."

अप्पांनी समई घेतली. आई गेल्यापासून त्यांनी समईला हात लावला नव्हता. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, आणि मी स्टेशनच्या फाटकाला शिवून घरी येईपर्यंत ते तशीच धरून माझ्यामागे चालत राहिले. गाठोडं मी आमच्या उंबऱ्याच्या आत ठेवलं, तेव्हा म्हणाले, "जा तू. म्या रोज दिवा लावीन." आणि तीन वर्षांत त्यांनी एक दिवसही चुकवला नाही, असं नरसव्वा सांगते.

दौंड बदललं, मनमाड बदललं. मनमाडला एक भला माणूस "बाई, सामान उचलू का?" म्हणाला, तेव्हा "नको, माझं मला होतंय," हे मी इतक्या तोऱ्यात म्हटलं की तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

नागपूरहून मी बाईंना दर महिन्याला कार्ड टाकायचे. त्यांची बदली तोवर वेळापूरला झाली होती. उत्तरात खुशालीच्या आधी विचारलेलं असायचं, "सामान वाढलं का?" मी पास झाले, सोलापुरात नोकरीला लागले, आणि दुसऱ्याच वर्षी वेळापूरहून निरोप आला की बाई दोन दिवसांच्या तापाने गेल्या. मी पोचले तोवर माती देऊन झाली होती. शाळेतल्या दाईने माझ्यापुढे गाठोडं ठेवलं. "ताप चढल्यावर त्यांनीच बांधलं. म्हनल्या, शेवंता येईल, तिला द्या."

मी ते उघडलं. दोन लुगडी, तांब्या, फणी, शाईची दौत. पुन्हा पुन्हा चाचपडलं. माझी तीन वर्षांची छत्तीस कार्डं, त्यातलं एकही नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला राग आला. निदान एक? एका कार्डाचं वजन ते काय!

तेवढ्यात दारात मुली जमल्या. शाळेतल्याच, दहाबारा जणी. प्रत्येकीच्या हातात एकेक, दोनदोन मळकी कार्डं. अक्षर माझं. दाई म्हणाली, "कार्ड आलं की बाई वर्गात वाचून दावायच्या. मग जी पोरगी चांगली वाचंल तिला देऊन टाकायच्या. म्हनायच्या, नागपूर लांब न्हाय, ही बघा जाऊन बसलीया."

मी रडले, आणि रडता रडता माझी मान ताठ झाली. बाईंनी मला गाठोड्यात ठेवलं नव्हतं, वाटून टाकलं होतं.

पुढे उभी असलेली एक काळीसावळी मुलगी कार्ड छातीशी धरून म्हणाली, "बाई, नागपूरला जायला काय काय लागतं ओ?"

मी चादरीची चारी टोकं एकत्र केली, गाठ मारली आणि गाठोडं तिच्यापुढे सरकवलं.

"उचलून बघ," मी म्हटलं.