शालीचं टोक

मी जमिनीवर पडले होते आणि मला उठवायला मॅडमनी शालीचं टोक पुढं केलं. हात दिला नाही. रेशमी शालीचं टोक, तेही लांबून.

तालीम चालली होती. मुळशी धरणाच्या काठी एक शिबिर केंद्र आहे, तिथं मी भांडी घासायची, खोल्या झाडायची. स्वयंपाकाला मात्र पुण्याहून आचारी, कारण आम्हा कातकऱ्यांच्या हातचं पाहुण्यांना चालत नाही. असं कुणी बोलून दाखवत नाही. ख्रिस्ती माणसं आहेत, बोलतील कशी? मीही ख्रिस्तीच. माझा आणि आईचा बाप्तिस्मा याच धरणाच्या पाण्यात झाला. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून बुडवलं, वर काढलं आणि म्हणाले, "आता तू आमची बहीण." या बहिणीचा चहाचा कप मागच्या ओट्यावर वेगळा ठेवलेला असायचा.

त्या शिबिराचा विषय होता आरंभीची मंडळी, म्हणजे पहिलंवहिलं चर्च. येशूनंतरची पहिली दोन-तीनशे वर्षं हा धर्म कसा पसरला, ते. पाळकसाहेब फार छान बोलले. मी दाराशी फडकं घेऊन उभी राहून ऐकत होते. राजांच्या आधी गुलामांनी तो पसरवला, म्हणाले. कपडे धुणाऱ्यांनी, चपला शिवणाऱ्यांनी, मोलकरणींनी तो या चुलीपासून त्या चुलीपर्यंत नेला. रोमचे बडे लोक नाक मुरडायचे, बायकांचा आणि गुलामांचा धर्म म्हणून हसायचे. आणि इकडं धनी आणि गुलाम एका पंगतीत भाकर मोडायचे. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे सुरुवात आमच्यासारख्यांपासून झाली होती, आणि आज मागच्या ओट्यावर वेगळा कपही आमचाच होता.

मग त्यांनी कार्थेज शहरातली गोष्ट सांगितली. मोठ्या घरची एक तरुण बाई आणि एक गुलाम बाई. ख्रिस्ताला सोडत नाहीत म्हणून दोघींना भर मैदानात पिसाळलेल्या गायीपुढं सोडलं. गुलाम बाई पडली. मोठ्या घरच्या बाईनं तिला हात दिला, उभं केलं, आणि दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

त्यावर शनिवारी नाटक करायचं ठरलं. मोठ्या घरची बाई अर्थातच मॅडम. पन्नाशीच्या, बावधनला बंगला, मंडळीच्या कमिटीवर. ख्रिस्ती होऊन पाच पिढ्या झाल्या, तरी पणजोबा कुठल्या उच्च कुळातले होते हे जेवताना एकदा तरी सांगणार. गुलाम व्हायला कुणाचीच मुलगी तयार होईना. तेव्हा मॅडमना मी दिसले.

"हिला घ्या ना. मेकअपसुद्धा लागणार नाही."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले.

आणि तालमीत ते शालीचं टोक. मी धरलं. सांगायला लाज वाटते, पण धरलं, उठले, वर 'थँक्यू मॅडम' म्हणाले. माझी पाठ वळली तशी मागून मॅडमचा आवाज आला, "उंदीर खातात हो हे लोक. हात कसा लावणार?"

घरी आईला सांगितलं. आई मासे साफ करत होती.

"शाल तर शाल. उटीवलं ना? काम जाईल, गप ऱ्हा."

"आये, गोष्टीत हात हाय."

तिनं पुढचा मासा ओढला.

शनिवारी चहानंतर हिरवळीवर नाटक झालं. खुर्च्या भरलेल्या. घोंगडीखाली दोन पोरं, ती आमची गाय. गायीनं ढुशी दिली, मी पडले. मॅडम आल्या. "ऊठ, माझ्या बहिणी!" आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. आणि माझ्या तोंडासमोर शालीचं टोक.

मी उठले नाही.

"ऊठ गं," मॅडम दात आवळून पुटपुटल्या.

"हात द्या."

"काय?"

"गोष्टीत हात हाय, मॅडम. शाल न्हाई."

"नाटक आहे हे. तमाशा करू नकोस."

"व्हय, नाटकच हाय. म्हून तर म्हंते, नाटकात तरी द्या."

हे मी मोठ्यानं बोलले. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. गाय घोंगडीतून डोकं काढून बघायला लागली. पाळकसाहेब कडेनं म्हणाले, "द्या हो, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे." तेव्हा मॅडमनी हात पुढं केला. दोन बोटं, आणि बोटांवर शालीची घडी. ख्रिस्तासाठी मरायला निघालेली बाई बोटं झाकून आली होती!

मला भीती वाटली नाही. रागही आला नाही. किळस आली. इतकी वर्षं या माणसांपुढं मी मान खाली घालून वावरले, याची जास्त किळस आली. दोन्ही तळवे मातीला टेकले आणि उठले.

"ऱ्हाऊ द्या. माजी मी उटले."

तशीच चालत निघाले. मोरीत भांड्यांचा ढीग पडला होता, तो तिथंच राहिला.

सोमवारी निरोप आला, कामावर येऊ नकोस. पुढच्या रविवारी पाळकसाहेब स्वतः वाडीवर आले. आमच्या सात घरांची उपासना ते महिन्यातून एकदा घेतात. अंगणात खुर्ची मागवून बसले.

"मन मोठं कर," म्हणाले. "क्षमा करायला शीक."

मी त्यांच्यापुढं नाचणीची भाकर आणि आईनं केलेलं माशाचं कालवण ठेवलं.

"आदी जेवा."

"आज उपवास आहे माझा."

आमच्या वाडीवर आले की त्यांचा उपवास असतो. दर वेळी. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांच्या मांडीवरचं बायबल उचललं. बारावी शिकले आहे, वाचता येतं मला.

"मंग उपासना मी घेते. तुमी उपवास करा."

ते आईकडं बघायला लागले. आई मला गप राहा म्हणाली नाही. तिनं ताट त्यांच्यापुढून उचललं, भाकर मोडली आणि घराघराला वाटली. पाळकसाहेब उठून गेले. खुर्ची रिकामी राहिली, तिच्यावर कुणी बसलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी उपासना मीच घेते. आता आमच्या अंगणात ज्याला देवाचं नाव घेऊन यायचं आहे, त्यानं जमिनीवर बसायचं आणि आधी आमच्या हातची भाकर खायची. ज्याचा उपवास असेल, त्यानं वाडी चढू नये.