नंबर पुसलेले शहाऐंशी शर्ट

आमच्या बोर्डिंगात नव्या मुलीला पहिल्याच दिवशी कुणीतरी कानात सांगतं, "धोबीघरातल्या मावशी कपडे वासावरून ओळखतात. वाचता येत नाही ना त्यांना!"

साफ खोटं. मावशी चष्म्याशिवाय वाचतात, चॅपलमध्ये वाचन करायला उभ्या राहिल्या तर एकाही शब्दाला अडखळत नाहीत. आणि वासाचं म्हणाल, तर साबणाच्या वाफेत बावीस वर्षं उभं राहून त्यांच्या नाकानं केव्हाच राजीनामा दिलाय.

प्रत्येकीच्या कॉलरच्या आत मावशी लाल दोऱ्यानं नंबर शिवायच्या. यंदा नव्या मुख्याध्यापिका सिस्टर आल्या. वाक्यागणिक मनगटाकडे बघतात, म्हणून त्या आमच्या घड्याळ सिस्टर.

"मावशी, शिवण्यात किती वेळ जातो! ही शाई घ्या. ठसा मारला की झालं."

"आधी एक शर्ट धुऊन बघू का, सिस्टर?"

"पक्की आहे. डब्यावर लिहिलंय."

मावशींनी दोरे उसवले, ठसे मारले. पहिल्याच धुण्यात, गरम सोड्याच्या पाण्यात, नंबर गायब! शहाऐंशी शर्ट कोरे. तोही नेमका शनिवार. रविवारी चॅपलमध्ये मिसाच्या प्रार्थनेला बिशप यायचे होते.

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. धोबीघर बंद करून कपडे बाहेर धुवायला द्यायचं त्यांच्या मनात होतंच. "चारच्या आत शर्ट पलंगापलंगावर पोचले नाहीत, तर सोमवारपासून बाहेरची लाँड्री," त्या म्हणाल्या. शाई कुणी आणली, हे मावशींनी तोंडातून काढलं नाही. पदर खोचला आणि वाळलेल्या ढिगासमोर बसल्या. आम्ही चौघी घड्या न्यायला उभ्या.

"हा नऊचा. उजवं कोपर झिजलंय. वर्गात हात टेकून झोपते बया."

"एकोणचाळीस. कॉलर चघळलीय. गणिताची परीक्षा झाली वाटतं?"

मी घड्याळ सिस्टरांच्या आवाजात म्हटलं, "मावशी, किती हा वेळ!"

"ए पोपट, नकला पुरे. पाय चालव."

माझी जीभ वळवळलीच. "माझा ओळखून दाखवा. ओळखलात, तर महिनाभर सगळ्यांच्या मोज्यांच्या जोड्या मी लावीन. नाही ओळखलात, तर माझा स्कर्ट आधी इस्त्री करायचा, रोज."

"चालेल."

माझी खात्री होती, कारण बोर्डिंगात न राहता रोज घरून शाळेत येणाऱ्या एका मैत्रिणीशी मी शुक्रवारी गंमत म्हणून शर्ट बदलला होता. ढिगात होता तो तिचा!

साडेतीनला सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. मावशींच्या हातात एक इवलासा शर्ट होता. "एकसष्ट. पाचवीतली ती. खिशात घरचं पत्र ठेवते, रोज तेच. बघा, घडीचा चौकोन उमटलाय." मग हलकेच म्हणाल्या, "धुताना काढून ठेवते मी. वाळवून पुन्हा घालते."

सिस्टरांनी तो खिसा हातात घेतला. त्यानंतर दहा मिनिटं त्यांनी मनगटाकडे पाहिलंच नाही. मी मोजली.

पावणेचारला पंच्याऐंशी शर्ट पोचले. एकही मुलगी बदलून मागायला आली नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सोमवारी दोरा आणायला पाठवते. किती रिळं लागतील?" मावशींनी तीन बोटं वर केली. आम्हा चौघींची छाती अशी फुगली, जणू शर्ट आम्हीच ओळखले होते.

राहिला एक. मावशींनी तो उलटा केला, खालची दुमड अंगठ्यानं चाचपली.

"ही दुमड माझ्या हातची नाही. आईनं घातलीय, वाढत्या अंगासाठी चार बोटं कापड राखून. घरून येणाऱ्या पोरीचा आहे हा." शर्ट माझ्या अंगावर फेकला. "आणि तुझा जिच्याकडे गेलाय तिला सांग, काखेतलं ठिगळ मी लावलंय, उसवू नको म्हणावं."

एकशे बाहत्तर मोजे असतात, दर शनिवारी. सगळे पांढरे. आज माझा तिसरा शनिवार.