बोटात बसलेली बेअरिंगची रिंग

माझ्या साखरपुड्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच माझ्या बोटात अंगठी होती, आणि ती निघत नव्हती.

दोष माझ्या शहाणपणाचा. मुलीकडच्यांनी बोटाचं माप मागितलं, तेव्हा आईने रीतीप्रमाणे दोरा गुंडाळून माप घेतलं. मी तो दोरा फेकून दिला. नगरच्या एमआयडीसीत पोलाद कडक करायच्या भट्टीवर नऊ वर्षं काढलेला माणूस ताणल्यावर लांबणाऱ्या दोऱ्यावर भरवसा ठेवील? मी कारखान्यातून बोटाला अचूक बसणाऱ्या बेअरिंगच्या दोन रिंगा उचलल्या. एक काष्टीला होणाऱ्या सासऱ्यांकडे धाडली, सोनाराला दाखवायला. दुसरी स्वतःजवळ ठेवली (पडताळणीसाठी!).

साखरपुड्याच्या दिवशी केडगावहून काष्टीला पोचेपर्यंत माझा धीर सुटला होता. सोन्याची अंगठी सगळ्यांसमोर अडकली तर? म्हणून सासऱ्यांच्या घरात, मंडपामागच्या खोलीत, मी ती रिंग घालून पाहिली. उन्हाने बोट फुगलं होतं. जोर लावल्यावर रिंग आत गेली. बाहेर मात्र कितीही जोर लावला तरी येईना.

"साबण लाव," आई म्हणाली. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी स्वयंपाकघरातलं तूप झालं. बोट वांग्यासारखं जांभळं पडायला लागलं आणि मला खरोखरीची भीती वाटली. मंडपात माइकवरून कोणीतरी सांगत होतं, "बुद्धवंदनेसाठी सगळ्यांनी बसून घ्या."

सासऱ्यांना सांगावंच लागलं. ते शुगर फॅक्टरीतले निवृत्त फिटर. घरामागे त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे नेऊन त्यांनी माझ्या बोटावर हॅक्सॉ चालवला. रिंगेवर ओरखडासुद्धा नाही, पात्याचे दात मात्र गेले.

"लई कडक हाय की ओ."

"आमच्याच भट्टीतली आहे," मी म्हणालो. (त्या अवस्थेतही माझ्या आवाजात अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे.) "हिला कानसही लागत नाही."

"मग मऊ कशी करायची?"

"लालभडक तापवायची. आठशे डिग्री. मग सावकाश गार होऊ द्यायची."

सगळ्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं.

"बोटासकट?" आईने विचारलं.

सासऱ्यांनी ग्राइंडरचा प्लग लावला. तो घरघरताच आई मधे येऊन उभी राहिली. "न्हाई. लग्न मोडलं तरी चालंल, पन पोराच्या बोटाला हे यंत्र लावायचं न्हाई." नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात आल्या होत्या. त्या "लग्न मोडलं" एवढंच ऐकून उंबऱ्यावर मटकन बसल्या.

त्यांच्या मागोमाग नवरी, म्हणजे सुजाता, आली. तिने माझा हात धरला (पहिल्यांदाच, आणि तोही तुपाने माखलेला) आणि शांतपणे विचारलं, "ही पाटलीसारखी वाकणारी आहे, का काचेच्या बांगडीसारखी फुटणारी?"

"वाकेल कशी? पोलाद जितकं कडक, तितकं ठिसूळ, त्यामुळे..." आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं. नऊ वर्षं नव्या कामगारांना मी हेच शिकवत होतो.

"मग फोडा ना, आप्पा," ती वडिलांना म्हणाली.

टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात रिंग धरली, वर टॉवेल टाकला. मी डोळे मिटले. सासऱ्यांनी दांडा पाव फेरा फिरवला, मग आणखी थोडा. टच्च! रिंगेचे दोन तुकडे झाले आणि माझं बोट सुटलं.

सासऱ्यांनी एक तुकडा उजेडात धरला. "जावई, येवढ्याशा दाबानं फुटली. तेलात बुडवल्यावर परत तापवली न्हाई वाटतं?"

टेम्परिंगची, म्हणजे कडक झालेल्या पोलादाचा ठिसूळपणा घालवायची, पाळी यायच्या आधीच मी त्या रिंगा घाईत उचलल्या होत्या.

"राहिलं ते," मी पुटपुटलो.

"बरं झालं. नायतर लई छळलं असतं हिनं."

सोन्याची अंगठी सुजलेल्या बोटात गेलीच नाही. सुजाताने ती माझ्या करंगळीत घातली. मग जेवणाच्या पंगतीत सासऱ्यांनी मला हाताला धरून फिरवलं आणि एकेका पाहुण्याला माझी ओळख करून दिली, "हे आमचे जावई. काम अर्धवट करत्यात, म्हनून वाचले."