बंद पडणारी गाडी आणि म्हाताऱ्यांचा पाय

आमची गाडी चालता चालता बंद पडायची. चांगल्या रस्त्यावर, पेट्रोल भरलेलं असताना. पुन्हा किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायची. पहिल्यांदा हे झालं ते नंदिनी नगरच्या वाटेवर, रेल्वे फाटकाच्या रुळांवर. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता आणि आमच्या म्हाताऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्टिअरिंग वळवता वळेना. मी बाजूला बसले होते. घाबरले, खोटं कशाला सांगू.

आम्ही भंडाऱ्याकडचे. म्हातारे इथल्या स्टील प्लांटमध्ये फिटर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. नंदिनी नगरला त्यांची धाकटी बहीण राहते. तिला लकवा मारला, वाचा गेली, पण माणूस ओळखते. तिच्या सुनेच्या हातून नीट जेवत नाही, तोंड फिरवते. भावाच्या हातून जेवते. म्हणून दर रविवारी मी डबा करते आणि आम्ही दोघं जातो. ऑटोवाले तिकडून परत यायला थांबत नाहीत. गाडी गेली तर आमचं जाणंही गेलं, एवढी सरळ गोष्ट होती.

सुपेला बाजारातल्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने फिल्टर साफ केला, प्लग बदलले, बॅटरीच्या तारा आवळल्या. स्वतः चालवून आला आणि म्हणाला, गाडी फिट आहे. रविवारी रस्त्यातल्या स्पीड ब्रेकरवर पुन्हा बंद. पुन्हा नेली, त्याने पेट्रोलचा पंप बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेली तेव्हा तो गाडीकडे कमी आणि म्हाताऱ्यांकडे जास्त पाहत होता.

मुलगा रायपूरला नोकरीला आहे. तो आला, त्याच्याजवळची दुसरी किल्ली घेऊन गाडी गावभर फिरवली. कुठेच बंद पडली नाही. मग जेवताना त्याने बोलून टाकलं.

"बाबा, नाराज मत होना. गाडीत काहीच खराबी नाही. तुम्ही गिअर कमी करत नाही, मग ती दम तोडते. उमर हो गई."

म्हातारे भात कालवत राहिले. मग म्हणाले, "माह्या बहिणीले कोण चारीन? तू येशीन दर रविवारी?"

 कॅम्प-1 वस्तीतलं एक गिऱ्हाईक मुलाने गाडीसाठी आधीच बघून ठेवलं होतं. सोमवारी ते गाडी पाहायला येणार होतं. मला वाईट वाटलं तसं मुलाचं पटतही होतं. म्हाताऱ्यांच्या हातून आता चहाची कपबशी हिंदकळते. पाय सटकत असेल तर मलाही रुळांवर मरायचं नव्हतं.

त्या रविवारी शेवटचं म्हणून निघालो. मुलगा मागे बसला, बापाचा पाय बघायला. म्हातारे चालवत होते. कडक ऊन, म्हणून मी समोरचा पंखा लावलेला. एका ब्रेकरवर गाडी आदळली आणि बंद पडली.

"देखा?" मुलगा म्हणाला. "अब बोलो."

म्हाताऱ्यांनी गाडी कडेला लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. तेव्हा माझं लक्ष पंख्याकडे गेलं. तोही बंद झाला होता. मीटरमधला एक दिवासुद्धा लागलेला नव्हता. गॅस संपला की शेगडी विझते, घरातला बल्ब विझत नाही. इथे सगळंच एकदम गेलं होतं, कोणी बटण बंद करावं तसं. आणि गाडीचं बटण म्हणजे किल्ली. किल्लीकडे पाहिलं तर तिच्याखाली जुडगा अजून हलत होता.

या जुडग्याबद्दल सांगायला हवं. म्हाताऱ्यांनी प्लांटच्या वर्कशॉपमध्ये स्टीलच्या सळीची एक रिंग वळवून घेतली होती, बांगडीएवढी. तिच्यात क्वार्टरचं पुढचं दार, मागचं फाटक, कूलरची जाळी, लोखंडी पेटी, केव्हाच विकलेली स्कूटर यांच्या किल्ल्या, आणि प्लांटमधल्या लॉकरच्या कुलपाची किल्ली. नोकरी संपली तरी लॉकरची किल्ली टाकवत नाही, आमच्या सेक्टरात, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, सगळ्यांचं तसंच आहे. गाडीची किल्लीही त्यातच. मात्र मेकॅनिककडे देताना ते ती काढून द्यायचे. घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात जायला नकोत. आणि मुलाजवळ तर वेगळीच किल्ली. म्हणजे जुडगा लावून गाडी चालवणारे हे एकटेच.

मी म्हटलं, "अजी, जुडगा काढा बरं."

"कावून? रस्त्यावर हरवून जाईन."

"माह्या मांडीवर देऊन राहिले तुम्ही, नदीत नाही."

रिंग इतकी घट्ट की माझं नख तुटलं. पुढे नुसत्या किल्लीवर नंदिनीपर्यंत ब्रेकर आले, फाटक आलं, गाडी चालत राहिली. मुलगा म्हणाला, योगायोग. बहीण जेवली. परत निघताना मी जुडगा पुन्हा अडकवला आणि मुलाला म्हटलं, आता तू चालव. त्याच ब्रेकरवर गाडी त्याच्या हातात बंद पडली.

"तुह्या पायाले काय झालं रे?" मी विचारलं.

म्हातारे मागे बसून खिडकीबाहेर पाहत होते. खांदे मात्र हसण्याने हलत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. ओझ्याने किल्लीचा स्विच आतून घासून ढिला झाला होता, धक्का बसला की आपोआप सुटायचा. त्याने तो बदलला. आधी किल्ली का नाही तपासली, असं मुलाने विचारलं, तर तो म्हणाला, माझ्याकडे जुडगा कधी आलाच नाही. त्याचंही खरं होतं. गिऱ्हाईक आलं त्याला मुलाने चहा पाजून परत पाठवलं.

निघताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, स्विच ठीक आहे, पण बाबांच्या वयाचं काय? मी म्हटलं, मी बाजूलाच बसते. ज्या दिवशी खरंच पाय चुकेल, त्या दिवशी किल्ली मीच काढून घेईन, तुला फोन करायची गरज पडणार नाही. हे म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि रविवारच्या डब्यात वांग्याची भाजी कर म्हणाले, बहिणीला आवडते. जुडगा माझ्या पिशवीत असतो. लॉकरची किल्ली त्यांनी अजून काढू दिलेली नाही.