पुण्याहून येणारी पत्रं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाली "ताजी आहे" म्हणाली की मी जुडी सोडून आत बघते. सत्तरच्या दशकात सोलापुरात, सैनिकांच्या घरच्यांसाठी असलेल्या एका ऑफिसात मी नोकरीला लागले, तेव्हा हा स्वभाव कामी येईल असंच मला वाटलं होतं. समाजकार्याची पदवी होती, वय सव्वीस होतं आणि अक्कल फार आहे असा समज होता. काम असं की, जवान तिकडे सीमेवर, इकडे त्याची बायको, आईबाप. त्यांच्याकडे जायचं, बसायचं, त्यांना बोलतं करायचं. समुपदेशन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. शहरात मला 'येड्यांची डॉक्टरीण' म्हणत, खेड्यात 'मिलिटरीवाल्या बाई'.

खेड्यात तर माझी भीतीच वाटायची. ऑफिसचं माणूस दारात आलं म्हणजे पोरगा गेला, एवढंच लोकांना ठाऊक. एका घरी मी चपला काढायच्या आतच म्हातारीनं हंबरडा फोडला होता. तेव्हापासून मी लांबूनच ओरडायची, "वाईट काही नाही हो, सहज आलेय!" तरी चहा येईपर्यंत सगळ्यांचे डोळे माझ्या पिशवीवर. आत तार असणार, अशी त्यांची खात्री.

एके दिवशी मात्र वळसंगची एक सून आपण होऊन ऑफिसात आली. सासऱ्यांना बाजाराचं सांगून निघाली होती. आल्या आल्या तिनं दार लोटलं, पदराखालून इनलँड पत्रांचे दोन गठ्ठे काढले आणि टेबलावर ठेवले.

"बाई, माझा नवरा जित्ता हाय का न्हाय, तेवढं सांगा."

"अगं, पत्रं येतायत ना त्याची?"

"येत्यात की. पण ही त्यांची न्हाईत."

तिला अक्षरओळख नव्हती. पत्रं आली की सासरे मोठ्यानं वाचून दाखवायचे. पण बाईची नजर बघा! नवऱ्याच्या जुन्या पत्रांत सगळी अक्षरं लिहून झाल्यावर वरची रेघ एका दमात ओढलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गेल्या चार महिन्यांतल्या पत्रांत ती रेघच मोडलेली, अक्षरं वेडीवाकडी, शाई फासटलेली. शाळेत न गेलेल्या बाईला ते दिसलं होतं.

मजकूर वाचला. 'पुण्यात ट्रेनिंगला आलो आहे, सुट्टी मिळत नाही, काळजी नसावी.' शिक्का पुण्याचा. पुणं म्हणजे एका रात्रीचा प्रवास, आणि गडी चार महिन्यांत एकदाही घरी फिरकला नाही? माझ्या डोक्यात आधी दुसरी बाईच आली. तसं मी आडून आडून विचारलंही.

"दुसरी असती तर एवढी पत्रं कशाला लिहिली असती?" ती फटकन म्हणाली. मग आवाज खाली आणला. "मामंजीच लिहित्यात ही. सासू न्हाय, घरात बाईमाणूस मी एकटी. रान मी बघते, चूल मी बघते. हे गेलं म्हणून कळलं तर मी माहेरी जाईन, म्हणून लिहित्यात."

मला ते तंतोतंत पटलं. सासरे होटगीला रेल्वेत होते, नुकतेच रिटायर होऊन गावी आलेले. कुणाही गार्डाच्या हाती पत्र दिलं की पुण्याच्या पेटीत पडतंय, त्यात काय! मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुला मी बरोब्बर पकडते.

चार दिवसांनी वळसंगला गेले. लांबूनच ओरडले, "वाईट काही नाही हो!" सासरे कट्ट्यावर बसले होते. कपाळावर भस्म, अंगात स्वच्छ बंडी. सुनेला त्यांनी कानडीत चहा ठेवायला सांगितला. मी साळसूदपणे कागद पुढे केला. "बाबा, ऑफिसात लागतो, तुमच्या हातचा एक अर्ज लिहून द्या."

त्यांनी लिहिला. देखणं, टपोरं अक्षर. आणि शेवटी वरची रेघ एका दमात ओढली. नव्या पत्रांशी त्याचा काडीचा मेळ नव्हता. मुलाच्या जुन्या पत्रांशी मात्र होता, कारण मुलाला अक्षर त्यांनीच शिकवलं असणार. शहाण्या माणसानं इथे थांबायचं. मी कुठली थांबते? मला वाटलं, इतकं चांगलं लिहिणारा माणूस मुद्दाम गिचमीड काढू शकतोच की!

"बाबा, खरं सांगा. पुण्याची पत्रं तुम्हीच लिहिता ना?"

सून चहा घेऊन उंबऱ्यातच थांबली. आता म्हातारा चिडेल, अंगावर येईल, म्हणून मी सरसावून बसले होते. तो म्हणाला, "मी न्हाय लिहिली, बाई." आणि वर मलाच विचारलं, "मंग कोण लिहितंय?"

सुनेनं दोन्ही गठ्ठे आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, जुनं पत्र आणि नवं पत्र शेजारी शेजारी धरलं. "मला दिसत हुतं," ते म्हणाले. "घाईत लिहीत असंल म्हणलं. मी नीट बघितलंच न्हाय." एकट्या सुनेची शंका होती, ती मी दोघांच्या मनात नेऊन सोडली. मला स्वतःचा इतका राग आला की चहा तसाच ठेवून उठले.

त्याच दिवशी पलटणीला पत्र टाकलं. उत्तराला अठरा दिवस लागले. त्या दिवसांत सासरे तीनदा ऑफिसात आले. आत यायचे नाहीत, विचारायचे नाहीत. दाराशी उभे राहायचे, मी नकाराची मान हलवली की परत जायचे.

उत्तर आलं. पोरगा जिवंत होता! घाटात ट्रक उलटला होता, उजवा हात कोपरापासून काढावा लागला होता, आणि तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. तेव्हाच तार केली होती, पण कागदोपत्री पत्ता होटगीच्या रेल्वे क्वार्टरचा. हे बिऱ्हाड वळसंगला हलल्याचं पलटणीला कुणी कळवलंच नव्हतं. पत्रं तोच लिहीत होता, डाव्या हातानं.

आम्ही तिघं पुण्याला गेलो. आम्हाला बघताच त्यानं चादर ओढून हात झाकला. सून खाटेपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड सोडलं ते सगळा वॉर्ड ऐकेल असं.

"चार महिने मी तुमच्या बापाला चोर समजले! रोज ताट वाढत हुते आन् मनात शिव्या घालत हुते! सांगाया काय झालं हुतं?"

"थोटा नवरा म्हणून तू जाशील, असं वाटलं," तो म्हणाला.

"आगं बया!" म्हणून तिनं कपाळावर हात मारला, खाटेच्या कडेला बसली आणि मग रडली. म्हणजे त्यालाही संशयच. आमच्यात धुतल्या तांदळाचं कुणीच नव्हतं.

ती तिथेच राहिली. परतीच्या गाडीत मी आणि सासरे समोरासमोर. माफीची वाक्यं मी मनात जुळवत होते. कुर्डुवाडी गेल्यावर तेच बोलले.

"बाई, पत्रं मीच लिहितो म्हणालात, तवा लई राग आला हुता."

"चुकलंच माझं, बाबा."

"चुकलं कुटं? ते अठरा दिवस मी रोज ते वाकडं वळण गिरवून बघत हुतो. वाईट खबर आली असती तर घरात सांगितलीच नसती. पत्रं लिहिली असती."

"सुनेनं राहावं म्हणून?" मी विचारलं. जित्याची खोड, दुसरं काय.

"ती गेली असती तर गेली असती," म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मला वाचाया काय तर पायजे की."