दुधातून उतरलेली सर्दी

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना खूप आजारी पडली, आणि घरातल्या सगळ्यांच्या मते तो आजार माझ्या दुधातून आला. आता ती शाळेत जाते. तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं.

हिवाळ्यात काटोलहून नवऱ्याची आत्या बाळ बघायला आली. घरच्या बागेतली संत्री आणि लोकरीचं टोपडं घेऊन आली, आणि खोकतच आली. दारातच हातावर शिंकली, त्याच हातांनी बाळाला उचललं आणि त्याच्या गालांचे, बोटांचे मुके घेऊ लागली.

"आत्या, तुम्हाला सर्दी आहे. जरा लांबूनच बघा ना," मी म्हटलं.

"काहून वं? चार लेकरं वाढवली म्या. मले तापबिप काही नाही, साधी सर्दी होय."

सासूबाईंनी माझ्यावर डोळे वटारले. नवरा मोबाइल बघत राहिला. बाळंतिणीनं किती बोलायचं हे आमच्या घरात ठरलेलं होतं.

आत्या गेली आणि आठवडाभरात बाळाचं नाक वाहू लागलं. मग खोकला. मग तिला दूध ओढता येईना. दोन घोट घेऊन तोंड सोडायची, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा. सासूबाई ओव्याच्या पुरचुंडीनं तिची छाती शेकत होत्या.

"तू संत्री खाल्ली ना? थंड असते ते. आईनं खाल्लं का दुधातून लेकराले उतरते."

"खायला नको होतीस," नवरा म्हणाला.

मी बाळाला शालीत गुंडाळलं आणि खाली जाऊन ऑटो थांबवला; सासूबाई आणि नवरा मागोमाग आले.

दवाखान्यात तिला लगेच ऑक्सिजन लावला, दुधासाठी नाकातून नळी घातली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कोणाला सर्दी होती?" मी सांगितलं. त्या सासूबाईंकडे वळल्या.

"संत्र्यानं हे होत नाही, आजी. हा विषाणू आहे. खोकला-शिंकेतून उडतो, हाताला लागतो, हातावरून बाळाच्या नाकातोंडात जातो. मोठ्या माणसाचं नुसतं नाक वाहतं. हिच्या फुफ्फुसातल्या नळ्या एवढ्याशा. त्या सुजल्या, चिकट्यानं भरल्या की श्वासच अडकतो. आईचं दूध मात्र चालू ठेवा, त्यानं फायदाच होईल."

सासूबाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर लोक म्हणतेत तसं. पण पथ्य पाळावं ना माणसानं."

तेवढ्यात आत्याचा फोन आला. तीही संत्र्यांनाच दोष देऊ लागली. मी नवऱ्याच्या हातून फोन घेतला.

"आत्या, तुमची सर्दी तिला लागली. मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही."

तिनं फोन ठेवला. इतक्या दिवसांत माझा नवरा त्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, आणि तेही माझ्यावर. "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का?" आत काचेपलीकडे त्याची मुलगी नळ्या लावून पडली होती.

हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला आणि आम्ही घरी आलो. आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. नातेवाइकांत मी उर्मट ठरले.

मागच्या वर्षी धाकट्या जावेला मुलगा झाला. बाळ बघायला शेजारीण आली, तेव्हा सासूबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या. "खोकला असन तर आत नको येऊ वं. लहान जीव हाय, लागते त्याले."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधी कळलं, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही मला कधी सांगितलं नाही. मी पोळ्या लाटत होते. लाटणं ओट्यावर आपटलं, तेव्हा जाऊ दचकली.