केसरचा कलकत्ता

आमच्या चौल गावात कुठल्याही आईला विचारा, "पोरगं नीट जेवतं का?" पोरगं समोर बसून तांदळाच्या भाकरीचा फडशा पाडत असलं तरी ती तोंड वाकडं करून म्हणणार, "कुठलं मेलं जेवतं! दोन घास खाईल तर शपथ." हे खोटं बोलणं नव्हे. दृष्ट लागू नये म्हणून बोलायचं असतं. माझी सासू गुटगुटीत नातवाला आधी "किती वाळलास रे" म्हणायची आणि मगच उचलून घ्यायची. मीही तेच करत आले.

केसर माझी चुलत नणंद, कृष्णाकाकीची मुलगी. आमच्या दोन घरांत फक्त एक कुंपण. स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी मी लग्न होऊन आले, तेव्हा ती रेवदंड्याच्या इंग्रजी शाळेत जायची. एक नंबरची भांडकुदळ, पण अभ्यासात कोणाला हार जायची नाही. तिचे वडील, दिनानाथकाका, म्हणायचे, "पोरगी शिकेल तेवढी शिकवीन." त्यांनी तिला मुंबईला ठेवून बी. एस्‌सी. केलं. ते गेले आणि काकी एकटी पडली. थोरला मुलगा चंदर मुंबईतच लग्न करून राहिला होता. गणपतीला येतो म्हणायचा, यायचा नाही.

पुढं मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत पाहणी काढली. मुलं काय खातात, त्यांच्या अंगाला काय कमी पडतं, ते शोधायचं. केसरला त्यात नोकरी लागली. वर दमयंतीबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या. त्या घरोघरी विचारायच्या आणि घरोघरी एकच उत्तर, "काय खात न्हाय हो!" बाईंच्या हिशेबानं सगळं चौल उपाशी मरत होतं. केसर हसून हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, "बाई, यांना स्वतःच्या पोराचं विचारू नका. शेजारणीच्या पोराचं विचारा."

मग काय, मज्जाच! आमच्या समोरची येसूबाई माझ्या मुलाबद्दल म्हणाली, "त्या काशीचा पोरगा? बकासुर हाय बकासुर! परवा अख्खं फणसाचं भांडं रिकामं केलं." मी येसूबाईशी कडाकडा भांडले आणि घरी येऊन मुलाची दृष्ट काढली. पण बाईंना खरं काय ते कळायला लागलं.

त्यांनीच केसरला वाट दाखवली. आधी कलकत्त्याला पोषण आहाराचा, पदवीनंतरचा अभ्यास. तिथून विलायतेला, वरचं शिक्षण घ्यायला. मग सिलोन म्हणा, आफ्रिका म्हणा, जिथं मुलं अशक्त तिथं जाऊन काम करायचं. खर्च सगळा संस्थेचा, पण जागा एकच. केसर वेडी झाली. कोलंबी सोलताना, सुपारी वाळत घालताना तिचं एकच चालायचं, "वहिनी, जगभरच्या आया अशाच असणार बघ. खरं सांगायला घाबरणार. मग त्यांच्या पोरांना काय कमी पडतंय ते कोणी शोधायचं?" मला त्यातलं अर्धं कळायचं. पण तिनं जावं असं मला मनापासून वाटत होतं. आमच्यातल्या एका तरी बाईनं समुद्रापलीकडे काय आहे ते बघून यावं की नाही?

मुलगी एवढ्या लांब जाणार, म्हणून संस्थेची माणसं घर बघायला, आईची संमती विचारायला येणार होती. सत्तावन्न सालची दिवाळी नुकतीच झाली होती. दमयंतीबाई तेव्हा दौऱ्यावर होत्या. आल्या त्या दोन अनोळखी बायका. केसर वाडीत शहाळी काढून घ्यायला गेली होती. मी आत पोहे परतत होते. बाहेर काकी सांगत होती, "हिला कसली पाठवता हो? नाजूक हाय ती. मधेच चक्कर येऊन पडते. रात्रभर खोकते. छातीचं औषध चालू हाय."

मी पदर तोंडात धरून हसत होते. म्हटलं, झालं काकीचं दृष्टीचं बोलणं सुरू! केसर आणि नाजूक? नारळाची पाटी डोक्यावर घेऊन कुंपण ओलांडणारी बया ती! पण त्या बायका हसल्या नाहीत. त्या आमच्याकडच्या नव्हत्या ना. त्यांनी पोहे खाल्ले, शहाळी घेऊन आलेल्या केसरकडं दयेनं बघितलं आणि गेल्या.

जागा दुसरीला मिळाली. दमयंतीबाई परतून धावत आल्या तेव्हा ती मुलगी कलकत्त्याला पोचलीसुद्धा होती. "छातीचा आजार कधीपासून आहे तुला?" बाईंनी विचारलं, आणि केसर माझ्याकडं वळली. मी आतून ऐकलेलं सगळं सांगितलं.

मी काकीवर ओरडायला निघाले होते. केसरनंच माझा हात धरला. "तिला बोलू नको, वहिनी. ती दृष्टीला भ्याली. गावभरच्या आया मला कळल्या आणि घरातली विसरले. मीच तिला आधी समजवायला हवं होतं." स्वतःच्या विद्येनं तिनं आईला माफ केलं, बघा. मीही गावभर तेच सांगत फिरले. काकीला कोणी नाव ठेवलं की मी त्याच्या अंगावर जायचे. केसर रेवदंड्याच्या शाळेत शिकवायला लागली. स्थळं यायची, काकीला प्रत्येकात खोट दिसायची.

चौसष्ट साली माझी मुलगी राही नर्सिंगला जायचं म्हणून हटून बसली. चौकशीला मुंबईहून मेट्रन येणार होत्या. मला काही ते सोसवेना. काकीच्या स्वयंपाकघरात बसून मी रडायला लागले.

काकी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रडतेस काय येड्यासारखी? मी केसरच्या वेळी केलं तसं कर. म्हणावं, पोरीला फेफरं येतं. जाते कुठं मग! आन् लोकं म्हणतील, आईच ती, दृष्टीला भ्याली. तुला कोण नावं ठेवतंय?"

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. सात वर्षं मी या बाईसाठी भांडले होते! केसानं गळा कापला तिनं, माझाही.

आणि मागच्या दारात केसर उभी होती. शाळेतून येऊन पाय धुवायला मागं गेली होती.

"आई, तू भ्याली नव्हतीस?"

काकी दचकली, पण मागं हटली नाही. "कशाला भिऊ? चंदर गेला तो गेलाच. तू पन गेली असतीस तर मरताना माझ्या तोंडात पाणी कोणी घातलं असतं?"

"मी परत आले असते."

"चंदर पन असंच म्हणाला होता."

केसरचा आवाज चढला नाही. "जाऊ नको म्हणाली असतीस तर मी भांडले असते. कदाचित राहिलेही असते. तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस."

मी घरी आले. मेट्रनबाईंना छातीवर दगड ठेवून सांगितलं, मुलगी धडधाकट आहे, घेऊन जा. राही गेली.

केसर मात्र कुठं गेली नाही. आता कुठं जाणार? पुढं दोन वर्षांनी काकीनं अंथरूण धरलं. केसरनं तिचं सगळं केलं, अगदी सगळं. पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. पण स्वयंपाकघरातल्या त्या दिवसापासून तिच्या तोंडून "आई" गेलं आणि "तू" पण गेलं. "पेज घ्या." "पाय इकडं करा." "औषध घेतलंत?" परक्या बाईशी बोलावं तसं. पोटची पोर आईला अहो-जाहो करते, हे मी उभ्या जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

एकदा काकीनं माझं मनगट घट्ट धरलं. "काशी, तिला सांग गं. शिव्या दे म्हणावं, पन एकदा मला 'तू' म्हण."

केसर दुधाचा पेला घेऊन उंबऱ्यात आली होती. तिनं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघितलं, काकीनंही बघितलं.

"दूध घ्या," ती म्हणाली, "गार होतंय."